न विचारण्याचा दोष



धर्मावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसापुढे काही प्रश्न मोठ्या ग्रंथांतून येत नाहीत, ते घरातून येतात. मुलाचा खतना ठरला आहे. दिवस निश्चित झाला आहे, पाहुण्यांना निरोप गेले आहेत. अशा वेळी कुणीतरी दबक्या आवाजात आठवण करून देते की, याच्या मामाला लहानपणी दात काढल्यावर चार दिवस रक्त थांबले नव्हते, किंवा याच्याच चुलतभावाला खतन्यानंतर रात्री पुण्याला न्यावे लागले होते. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणते, आधी रक्त तपासून घेऊ. दुसरे म्हणते, सुन्नतीच्या कामात अशी शंका कशाला, अल्लाहवर भरवसा नाही का? बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मशिदींत जुम्याच्या नमाजनंतर असे प्रश्न इमामाजवळ येतात. विचारणारे बहुधा उभ्या उभ्या विचारतात आणि एका शब्दात उत्तर मिळावे अशी त्यांची अपेक्षा असते.

या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न आहे. वरवर पाहता हा प्रश्न प्रयोगशाळेचा आहे. खोलात गेल्यास तो नीतीचा आहे. जे आपल्याला ठाऊक नाही त्याबद्दल आपण निर्दोष असतो, हे सर्वसाधारण तत्त्व होय. पण जे जाणून घेणे शक्य होते आणि जाणून घ्यावे असे संकेतही समोर होते, तरीही आपण विचारले नाही, अशा अज्ञानाला अल्लाहपुढे सबब म्हणता येईल काय?

रक्त कसे थांबते

प्रथम विषय समजून घेऊ. जखम झाली की वाहिनीच्या फाटलेल्या जागी रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, गोळा होतात आणि तात्पुरता बांध घालतात. त्या बांधाला पक्के करण्याचे काम रक्तातील काही प्रथिने करतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि ती रोमन अंकांनी ओळखली जातात. एक फॅक्टर दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी धाग्यांचे जाळे विणले जाऊन रक्त साकळते. या साखळीतील एखादा दुवा जन्मतःच कमी असेल तर जखम लहान असूनही रक्त वाहत राहते, किंवा थांबल्यासारखे वाटून काही तासांनी पुन्हा सुरू होते.

आठव्या फॅक्टरच्या कमतरतेला हिमोफिलिया ए आणि नवव्याच्या कमतरतेला हिमोफिलिया बी म्हणतात. पहिला प्रकार जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांत एकाला आढळतो, दुसरा त्याहून पुष्कळ विरळ आहे. फिनलंडमधील वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. तो बऱ्याचदा सौम्य असल्यामुळे वर्षानुवर्षे ओळखलाच जात नाही. तेराव्या फॅक्टरच्या कमतरतेत बाळाची नाळ पडताना रक्त वाहत राहते. ही खूण घरातील वडीलधाऱ्या बायका चांगल्या लक्षात ठेवतात, पण तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

आपल्या पूर्वजांना हे दुखणे अपरिचित नव्हते. कुर्तुबा, म्हणजे आजचे कोर्दोबा, येथील थोर शल्यवैद्य अबुल कासिम अज्-जहरावी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथात एका गावातील अशा पुरुषांची नोंद केली आहे, ज्यांना किरकोळ जखम झाली तरी रक्त वाहून मृत्यू येई. कारण त्यांना माहीत नव्हते. तरीही ही गोष्ट दैवावर सोपवून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. जे कळले ते लिहून ठेवले. यहुदी धर्मशास्त्रातही फार प्राचीन काळापासून हा विचार आहे की, ज्या मातेचे दोन पुत्र खतन्यामुळे दगावले तिच्या तिसऱ्याचा खतना करू नये. खतना हा ज्यांच्या धर्माचा करार आहे, त्यांनीही मुलाचा जीव त्या आधी मोजला, ही गोष्ट आपण लक्षात घेण्याजोगी आहे.

भरवसा आणि उपाय

आता मूळ आक्षेपाकडे वळू. तपासणी करणे म्हणजे तवक्कुल कमी असणे, असे काही सज्जन म्हणतात. त्यांच्या मनातील श्रद्धेचा आदर राखूनही असे म्हणावे लागते की, हा तवक्कुल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवलेला नव्हे. ज्या माणसाने उंटीण मोकळी सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारले त्याला प्रेषितांनी (स.) आधी तिला बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, ही तिर्मिजीतील हदीस लहान मुलांनाही पाठ असते. पण आपण ती उंटापुरतीच ठेवली आहे.

शामच्या प्रदेशात प्लेग पसरल्याची बातमी कळल्यावर हजरत उमर (रजि.) यांनी सर्ग येथून काफिला परत फिरवला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी त्यांना विचारले की, आपण अल्लाहने ठरविलेल्या नियतीपासून पळता आहात काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आम्ही अल्लाहच्या एका नियतीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. त्यांनी उंट चारणाऱ्याचे उदाहरण दिले. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट कोणत्याही बाजूला चारले तरी ते अल्लाहच्या नियतीनेच चरतील. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रोग ही जशी नियती आहे, तशी तो ओळखण्याची साधने हीदेखील नियतीच आहे. ज्या अल्लाहने एका मुलाच्या रक्तात एक फॅक्टर कमी ठेवला, त्यानेच तो मोजण्याची बुद्धी माणसाला दिली. एकीला अल्लाहची इच्छा म्हणायचे आणि दुसरीला श्रद्धेची उणीव, हा भेद आपण कोणत्या आधारावर करतो?

वाहत्या रक्ताचाच एक प्रसंग पाहा. हिजरी ३ मध्ये उहुदच्या रणांगणावर प्रेषितांचा (स.) चेहरा जखमी झाला. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणून ओतत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्यामुळे रक्त थांबण्याऐवजी वाढतेच आहे, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी चटईचा तुकडा जाळला, त्याची राख जखमेत दाबली आणि रक्त थांबले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. आपण तो शौर्याची कथा म्हणून सांगतो. त्यात आणखी एक शिकवण आहे. अल्लाहच्या सर्वांत प्रिय माणसाचे रक्त वाहत असताना त्यांच्या लेकीने केवळ दुआ करून डोळे मिटून घेतले नाहीत. काय होते आहे ते तिने पाहिले, एक उपाय उलटतो आहे हे ओळखले आणि दुसरा केला. निरीक्षण करणे आणि निरीक्षणाप्रमाणे वागणे हे त्या घराण्यात श्रद्धेच्या विरुद्ध मानले जात नव्हते.

ज्यांनी विचारले नाही त्यांच्याविषयी

या विषयावर सर्वांत कठोर वाटणारी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे आणि ती आम्हा इमामांनी व मौलवींनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला स्नान अनिवार्य झाले. तयम्मुम चालेल काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना तयम्मुमची सवलत आम्हाला दिसत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे प्रेषितांना (स.) कळले तेव्हा त्यांनी मृत्यूचा ठपका त्या सांगणाऱ्यांवर ठेवला, माहीत नव्हते तर विचारले का नाही, असे ते रागाने म्हणाले आणि अज्ञानाच्या आजारावर विचारणे हाच उपचार असल्याचे त्यांनी सांगितले.

त्या सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता, याकडे लक्ष द्या. त्यांना धर्माचा नियम मोडू नये असे वाटत होते. त्यांनी जे सांगितले ते निरोगी माणसासाठी बरोबरही होते. चूक एवढीच की, समोरचा माणूस जखमी आहे या वस्तुस्थितीची त्यांनी चौकशी केली नाही. चांगला हेतू आणि अर्धवट ज्ञान यांच्या जोरावर त्यांनी एका जिवाचा निर्णय दिला. प्रेषितांनी (स.) हेतूकडे पाहून ही गोष्ट हलकी केली नाही. तशीच दुसरी हदीस अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्याकडे आहे: वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो होणाऱ्या हानीला जबाबदार धरला जातो. खतना करणारा पिढीजात जाणकार असो, हिजामा करणारा असो किंवा ‘काही होत नाही, करून टाका’ असे सांगणारा इमाम असो, ही जबाबदारी कुणालाच चुकत नाही.

शंका आणि प्रबळ संभव

येथे विचारी वाचक म्हणेल, मग काय प्रत्येक मुलाचे रक्त तपासायचे? प्रत्येक शंकेमागे धावायचे ठरवले तर जगणेच अशक्य होईल. हा आक्षेप रास्त आहे आणि फिक्हशास्त्राने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. निश्चित गोष्ट केवळ शंकेने नाहीशी होत नाही, हा फिक्हचा मूलभूत नियम आहे. मूल निरोगी जन्माला येते ही सर्वसाधारण स्थिती आहे. नुसता वहम, म्हणजे निराधार भीती, मनात आली म्हणून काही अनिवार्य होत नाही. पण संकेत मिळाले की वहम संपतो आणि जन्न-ए-गालिब, म्हणजे प्रबळ संभव, सुरू होतो; आणि प्रबळ संभवावर आचरण करणे शरीअतमध्ये बंधनकारक ठरते. रोजा सोडण्याची सवलत याच आधारावर मिळते. आजार वाढेल असे अनुभवावरून किंवा कुशल वैद्याच्या सांगण्यावरून वाटले, तर तेवढे पुरेसे असते.

तेव्हा कर्तव्याची सीमा अशी आखता येईल. ज्या घरात कोणतीही खूण नाही तेथे विचारपूस करणे हे कर्तव्य आहे, तपासणी ऐच्छिक आहे. जेथे खूण आहे तेथे तपासणी हेच कर्तव्य होते आणि ती होईपर्यंत खतना पुढे ढकलणे आवश्यक ठरते. खुणा कोणत्या? मामा, मावसभाऊ किंवा आईचे वडील यांना दीर्घकाळ रक्त वाहण्याचा त्रास, नाळ पडताना रक्त न थांबणे, रांगू लागल्यावर गुडघ्या-कोपरांवर निळे डाग किंवा गाठी उठणे, लसीच्या सुईनंतर मोठी सूज येणे, दात काढल्यावर दिवसेंदिवस रक्त येणे, सांध्यांत वारंवार वेदनादायक सूज येणे.

यात एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाही तो नसतो. म्हणून विचारपूस करूनही एखादे मूल सुटू शकते. तेथे माणसाचा दोष नाही, कारण त्याने आपल्या आवाक्यातील प्रयत्न केला. अल्लाह कुणावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही. पण खतन्यानंतर रक्त थांबत नसेल तर घरगुती उपायांत रात्र घालवू नये, एवढी दक्षता अशा घरानेही घेतलीच पाहिजे.

खतना पुढे ढकलणे

खतना हनफी मतानुसार ताकीद असलेली सुन्नत आहे, शाफई मतानुसार वाजिब आहे. परंतु तो प्राणापेक्षा मोठा आहे असे कोणत्याही इमामाने म्हटलेले नाही. इब्ने कय्यिम (रह.) यांनी नवजात बालकांविषयीच्या आपल्या ‘तुहफतुल मौदूद’ या ग्रंथात खतन्याचे बंधन कोणत्या स्थितीत उरत नाही हे सांगताना, ज्या मुलाच्या प्रकृतीमुळे जिवाची भीती आहे त्याचा स्पष्ट समावेश केला आहे. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही कुरआनची आज्ञा (२:१९५) स्वतःच्या देहाविषयी आहे. मग जो देह आपला नाही, केवळ आपल्या स्वाधीन केलेला आहे, त्या बालकाच्या देहाविषयी ती किती अधिक लागू होईल!

सुन्नत सोडावी लागेल असेही नाही. निदान झाले तर आवश्यक फॅक्टर आधी टोचून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सुसज्ज रुग्णालयात खतना करता येतो. काही महिने किंवा वर्षे उशीर झाला तर मूल मुसलमान असण्यात काडीचाही फरक पडत नाही. लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतो. लोकांना उत्तर देण्याचे काम त्या वडिलांवर एकट्यावर टाकू नये. मोहल्ल्याच्या इमामाने ते स्वतः घ्यावे.

दोष कुणाचा?

निदान झाल्यावर घरात जे घडते ते कधीकधी आजाराहून अधिक क्रूर असते. सून ‘रोगी घराण्यातली’ ठरते. तिच्या माहेरी निरोप जातात. तिच्या धाकट्या बहिणींची सोयरीक अडते.

हिमोफिलिया ज्या गुणसूत्रावरून येतो ते आईकडून मुलाकडे जाते, हे खरे. वाहक मातेच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची आणि प्रत्येक मुलीला ती वाहक असण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. पण हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचे मुलगे या रोगापासून मुक्त असतात आणि मुली सर्व वाहक असतात. म्हणजे कित्येक मातांना तो त्यांच्या वडिलांकडूनच आलेला असतो. काही वेळा तो मुलाच्याच देहात प्रथम उत्पन्न होतो. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्याकडून तो युरोपातील राजघराण्यांत पसरला. सिंहासनाला जे टळले नाही ते एखाद्या बागवानाच्या किंवा मुलाण्याच्या लेकीला टाळता आले असते काय? तिने तो निवडला नाही, आणि कोणताही भार वाहणारा दुसऱ्याचा भार वाहणार नाही हे कुरआनचे तत्त्व (६:१६४) पापालाही लागू आहे. येथे तर पापही नाही.

जवळच्या नात्यातील विवाहांविषयी लोक विचारतात. हिमोफिलिया ए आणि बी यांचा त्या विवाहांशी संबंध नाही. मात्र सातव्या, दहाव्या, तेराव्या फॅक्टरची कमतरता यांसारखे विरळ विकार आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच प्रकट होतात, आणि एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्यास ती शक्यता वाढते. चुलत-मामे भावंडांचा विवाह आपल्याकडे वैध आहे. तो अनिवार्य मात्र कुणीही केलेला नाही. इंदापूर, बारामती, फलटण, अकलूज, दौंड, करमाळा या पट्ट्यातच ज्यांच्या सोयरिकी फिरतात अशा बिरादऱ्यांनी वैध आणि हितकर यांतील अंतर डोळ्यांपुढे ठेवावे.

निकाहपूर्वी सत्य सांगणे

आता सर्वांत अवघड प्रश्न. मुलीच्या भावाला हिमोफिलिया आहे. ती वाहक असू शकते. स्थळ आले आहे. सांगावे काय?

न सांगावे म्हणणारे सांगतात की, दुसऱ्याचे वैगुण्य झाकणाऱ्याचे अल्लाह झाकतो. हे खरे आहे, पण ती शिकवण पापावर पांघरूण घालण्याविषयी आहे. ज्याच्या परिणामांत दुसरा माणूस भागीदार होणार आहे त्या गोष्टीविषयी नाही. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आपल्याला मागणी घालणाऱ्यांविषयी सल्ला विचारला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या पुरुषांची खरी स्थिती स्पष्ट सांगितली. विवाहाच्या सल्ल्यात सत्य सांगणे ही चुगली नव्हे, हे फुकहांनी यावरूनच ठरविले.

सांगावे म्हणणारे बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस पुढे करतात, आतून ओले धान्य झाकून ठेवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) फटकारले होते. फसवणूक निषिद्ध आहे, एवढा तिचा निष्कर्ष येथे मान्य आहे. पण ही उपमा जपून वापरावी. मुलगी म्हणजे धान्य नव्हे आणि तिच्या रक्तातील गुणसूत्र म्हणजे मालातील खोट नव्हे. ज्या क्षणी आपण या सत्याला ‘खोट’ म्हणतो, त्या क्षणी ते लपविण्याचे कारणही आपणच निर्माण करतो.

माझ्या मते योग्य भूमिका अशी आहे. या माहितीवर तिघांचा हक्क आहे. पहिला हक्क मुलीचा, कारण देह तिचा आहे. तिला तिच्या भावाचा आजार काय आणि त्याचा तिच्याशी संबंध काय हे समजावून सांगणे आई-वडिलांवर बंधनकारक आहे. दुसरा हक्क होणाऱ्या पतीचा, कारण तो त्या बालकांचा पिता होणार आहे. तिसरा हक्क त्या न जन्मलेल्या बालकाचा, जे आपली बाजू मांडायला बैठकीत हजर नसते. म्हणून बोलणी गंभीर झाल्यावर आणि निकाह ठरण्यापूर्वी, मुलीच्या संमतीने, संबंधित व्यक्तीला हे सांगावे. भर बैठकीत सांगू नये, मध्यस्थामार्फत गावभर पोहोचवू नये. स्वतःची वाहक-तपासणी विवाहाआधी करायची की नंतर, हे तिने ठरवावे. घराण्यातील आजाराची वस्तुस्थिती सांगितली की फसवणुकीचा प्रश्न उरत नाही. मात्र दिवस राहिल्यावर प्रसूतितज्ज्ञांना हे सांगणे टाळू नये. बाळंतपण कोणत्या पद्धतीने करावे हे त्यावर अवलंबून असते आणि बाळाच्या नाळेतील रक्तावरून आठव्या फॅक्टरची पातळी जन्मतःच तपासता येते.

असे सांगितल्याने काही स्थळे परत जातील. ही किंमत खरी आहे आणि ती बहुधा मुलीलाच मोजावी लागते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती किंमत सत्याने लादलेली नाही, ऐकणाऱ्यांनी लादलेली आहे. म्हणून सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही परीक्षा येथे आहे. बैठकीत ऐकलेले शब्द ही अमानत असते. नकार द्यायचा तर तो द्यावा, तो अधिकार आहे. परंतु नकाराचे कारण चार ठिकाणी सांगणारा माणूस त्या मुलीचा आणि तिच्या बहिणींचा हक्क मारतो, आणि हा हक्क ती माफ करीपर्यंत माफ होत नाही.

भगिनींसाठी आणि हिजामा करणाऱ्यांसाठी

फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी आपले रक्त थांबतच नसल्याचे प्रेषितांना (स.) सांगितले आणि नमाज सोडावी काय, असे विचारले. हे एका रक्तवाहिनीतून येणारे रक्त आहे, मासिक धर्म नव्हे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले व नमाज चालू ठेवण्यास सांगितले. इस्तिहाजाचे सारे नियम यावर उभे आहेत. पण आपण उत्तराचा अर्धाच भाग घेतला. दहा दिवसांपेक्षा अधिक रक्त जाते तेव्हा हनफी मतानुसार नमाज कशी पढावी हे आपण सांगतो; शरीराचे काय, हे विचारतच नाही. पहिल्या पाळीपासूनच अतोनात रक्तस्राव, सोबत वारंवार घोळणा फुटणे, अंगावर सहज काळे-निळे डाग पडणे ही फॉन विलेब्रांड विकाराची लक्षणे असू शकतात. अशा मुलीला ‘उष्णता आहे’ म्हणून वर्षानुवर्षे फिकट पडू देणे हा तिच्यावर अन्याय आहे. लज्जा हा ईमानचा भाग आहे, तरीही त्या सहाबियांनी प्रेषितांनाच (स.) हा प्रश्न विचारला होता.

हिजामाची सुन्नत आजकाल पुन्हा रूढ होत आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु ज्याला रक्त न थांबण्याचा विकार आहे, किंवा जो हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्या अंगाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाते लावू नये. आधी विचारणे हेही त्या सुन्नतीच्या आदबीत मोडते.

प्रत्यक्षात काय करावे

सुरुवात रक्ताच्या सर्वसाधारण मोजणीने, म्हणजे सीबीसीने, आणि पीटी व एपीटीटी या दोन तपासण्यांनी होते. गावातील लहान प्रयोगशाळेत केवळ बीटी-सीटी करून ‘सर्व ठीक’ असे सांगितले जाते. घराण्यात खूण असेल तर एवढ्यावर विसंबू नये, कारण सौम्य आणि मध्यम हिमोफिलिया त्यात सुटू शकतो. तेराव्या फॅक्टरची कमतरता तर पीटी-एपीटीटीतही दिसत नाही. म्हणून कागदावरील आकड्यापेक्षा डॉक्टरांना घराण्याचा सांगितलेला वृत्तांत अधिक मोलाचा असतो. नमुना निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत नेमका भरावा लागतो आणि काही तासांतच तपासावा लागतो. इंदापूर किंवा भिगवणमधून तो पुण्याला जाणार असेल तर केव्हा व कसा जाणार, हे विचारून घ्यावे.

इंदापूर आणि बारामती येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून सल्ला घेऊन फॅक्टरच्या पातळीची तपासणी व पुढील उपचार यांसाठी पुण्यातील ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जाता येते. वाहक-तपासणीसारख्या सूक्ष्म कामासाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरची संस्था आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनची पुण्यातही शाखा असून ती रुग्णांच्या कुटुंबांना मार्ग दाखवते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा दाखला काढण्यात संकोच करू नये. अशा मुलाला ताप-वेदनेसाठी अॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नये आणि स्नायूत इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांना आजार सांगावा. रमजानमध्ये तपासणीसाठी रक्त दिल्याने हनफी व शाफई मतानुसार रोजा तुटत नाही.

जे बांधव खर्चामुळे थांबतात त्यांच्यासाठी जमातीने पुढे यावे. गरजू मुलाच्या तपासणीचा आणि पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च पात्र कुटुंबाच्या हाती जकातीतून देता येतो. खतन्याच्या जेवणावळीला जेवढे लागते त्याच्या लहानशा हिश्शात हे काम होते.

इमाम बांधवांना नम्र विनंती आहे. खतन्याची तारीख कळवायला कुणी आले तर मुबारकबाद देताना तीन गोष्टी अवश्य विचारा: नाळ पडताना रक्त वाहिले होते काय, आईच्या माहेरी कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे काय, आणि लसीच्या सुईने मोठी सूज आली होती काय. दोन मिनिटांचे हे विचारणे आहे. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तर त्या पित्याला आधी डॉक्टरांकडे पाठवा आणि त्याच्या घरच्यांना तुम्ही स्वतः सांगा की, असे करणे दीनच्या विरुद्ध नाही, दीननेच हे शिकवले आहे.

अल्लाहने आपल्याला ठेवी म्हणून दिलेल्या लेकरांच्या बाबतीत आपल्याला सावध, सत्यवचनी आणि दयाळू बनवावे, आजारी बालकांना शिफा आणि त्यांच्या मातांना सन्मान द्यावा. आमीन.